फरशीचं शूटिंग

संगणकाच्या पडद्यावर एक लांब पट्टी होती आणि तिचं बोटभर टोक लाल झालं होतं. तेवढं चित्रण डिस्कमध्ये मावत नव्हतं. घरात कोरी डिस्क एकच उरलेली, आणि माझ्या लेकीच्या बारशाची कॅसेट मात्र ऐसपैस.

"सगळं कोंबलं तर चेहरे पुसट होतील, आजी," नात म्हणाली. "ही फरशी काढू? आजोबा कॅमेरा बंद करायला विसरलेत. नुसती त्यांची पावलं दिसतायत."

"आधी आवाज तर लाव."

"अगं, जेवलीस का?" हे विचारत होते. हे गेल्यापासून तो आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. त्यावर माझं ठसक्यात उत्तर: "ते राहू द्या! माझा शालू नीट आलाय ना शूटिंगमध्ये?"

आलाय तर! बाळ पाळण्यात रडतंय आणि ही महामाया पदर पुढून, पदर मागून दाखवत गिरक्या घेतेय. असं ध्यान मी दुसरं पाहिलेलं नाही. सगळ्यांना टिपणारा माणूस मात्र अख्ख्या बारशात कुठे नाही. प्रत्येक घरात असं एखादं माणूस असतं, दुसऱ्यांना चौकटीत बसवता बसवता स्वतः बाहेर राहिलेलं. आमचं तेवढ्या फरशीपुरतं आत आलं होतं.

"फरशी राहू दे, त्या शालूवालीच्या गिरक्या काप," मी म्हटलं. "पुष्कळ मिरवलीय ती."

हल्ली दुपारी मी ती डिस्क लावते. फरशी येते, पावलं येतात, प्रश्न येतो. शालूवालीने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकते, "जेवले हो. तुम्ही?"