दाजींची जागा

नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्या धरणांचं पाणी एका जागी आणून ओतलं, तरी माझ्या बायकोच्या थोरल्या भावाचा, म्हणजे आमच्या दादांचा, उत्साह त्यात बुडायचा नाही. हे मी कौतुकाने म्हणत नाही. परीक्षा संपल्या, चैत्राचं ऊन तापायला लागलं की इतर घरांतली माणसं पंख्याखाली आडवी होतात. आमच्या घरातली माणसं अंधारात उठून, केशरी जाकिटं चढवून, फुलांच्या पिकअपमध्ये मागे बसून इगतपुरीकडच्या एका धरणावर कयाक वल्हवायला जातात. पिकअप दादांची, जाकिटं दादांची, कयाकही दादांच्या. आपलं स्वतःचं असं सोबत काही येत असेल, तर ती फक्त झोप.

दादांची शहराबाहेर फुलशेती आहे. गुलाब, शेवंती, झेंडू. उजाडायच्या आत माल बाजारात पोचवायची पिढीजात सवय, त्यामुळे सहलीची माणसंही त्यांना मालच वाटतात. कोणाला कुठे बसवायचं हे ते नुसत्या नजरेने वजन करून ठरवतात, आणि ते वजन चारचौघांत मोठ्याने सांगतात. माझ्या बायकोने एकदा यावरून दिवसभर अबोला धरला होता. घोटीच्या अलीकडे ऊन लागायला लागलं की ते गाडी थांबवून मागे येतात आणि कॅरेटमधल्या झेंडूवर मारावं तसं आमच्या अंगावर पाणी शिंपडतात. माल सुकता कामा नये. धरणावर पोचल्यावर कोणी कयाक काठाला लावत असेल, तर दादा पाण्यात गुडघाभर उभे राहून ट्रक रिव्हर्सला घेतल्यासारखे हात हलवतात. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे काटा, बास. नाव नेमकी त्यांच्या नडगीवर येऊन थांबते. वल्हवायच्या आधी खायला बंदी, कारण पोट जड तर नाव जड. वहिनींनी आणलेल्या भाकऱ्या आणि ठेचा डोळ्यांसमोर असतो आणि आपण उपाशी पोटी हवेत वल्हं मारायचा सराव करत उभे असतो. बाजूला म्हशी धुणारी माणसं हात थांबवून आमच्याकडे बघत राहतात.

हे सगळं दादा मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकले. बंद पडलेल्या एका रिसॉर्टवरून दोन जोडकयाक उचलून आणल्या आणि त्या वर्षीपासून आमची सुट्टी संपली. एका कयाकमध्ये माझी बायको आणि वहिनी. दुसरीत पुढे माझी मुलगी जुई आणि मागे मी, असं दादांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. पुढे हलकं माणूस, मागे जड. वळवायचं काम मागच्याचं.

मी पहिल्या वर्षी गेलो नाही. बँकेत मार्च एंडचं काम आहे म्हणालो. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणालो. माझा मार्च एंड मेपर्यंत चालायचा. एकटी जुई पुढे बसली की कयाक नाक पाण्यात खुपसायची, म्हणून दादांनी माझ्या जागी कांद्याची गोणी ठेवली, तिला माझं जाकीट घातलं आणि पट्टा आवळून बांधला. फॅमिली ग्रुपवर फोटो आला. खाली जुईने लिहिलं होतं, 'मी आणि बाबा'. मीही हसण्याचा इमोजी टाकला. त्यानंतर दर वर्षी गोणीचा फोटो यायचा. शेवटी शेवटी खाली काही लिहिलेलं नसायचं. ते मला जास्त लागलं.

आता खरं सांगतो. पाण्याची भीती वाटते, असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. ती थोडीफार आहेही. पण मी टाळत होतो ते पाणी नव्हे. सोळा-सतरा वर्षांच्या आपल्या मुलीबरोबर एका नावेत बसायचं, मध्ये टीव्ही नाही, जेवण नाही, तिची आई नाही, आणि बोलायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. घरात आमचं संभाषण 'जेवलीस का' आणि 'हो' एवढ्यावर भागायचं. शिवाय दादा-वहिनींना मूलबाळ नाही, जुई त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली. मामाशी ती धबधब्यासारखी बोलायची. ते ऐकत मी पेपर वाचायचो.

बारावी झाली. जूनमध्ये ती पुण्याला जाणार होती. त्या वर्षी मी काही कारण न सांगता पिकअपमध्ये जाऊन बसलो. दादांनी माझ्याकडे बघितलं, नजरेने वजन केलं, आणि चक्क आकडा सांगितला नाही.

त्या वर्षी दादांनी हवा भरायचा पॅडलबोर्डही आणला होता. ते त्याला पाट म्हणत, आणि त्याच्यावर स्वतः उभे राहणार होते. पण नवी वस्तू पूजेशिवाय पाण्यात जाणार कशी? ट्रॅक्टरची करतात तशी साग्रसंगीत पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. चाकं नव्हती म्हणून लिंबू नुसतंच खाली ठेवलं. नारळ दगडावर फुटला. बोर्ड काठाच्या पाण्यात डुलत होता, त्याच्यावर केळं, केळ्यात खोचलेल्या उदबत्त्या. वहिनी म्हणत होत्या की अहो, ते रबर आहे. दादा डोळे मिटून हात जोडून उभे होते. एक लाट आली, केळं आडवं झालं आणि फुस्स असा लांब आवाज निघाला. दादांना आधी साप वाटला. ते मागे उडी मारून म्हशीच्या अंगावर गेले. तोवर बोर्ड हार घालून शांतपणे पापडासारखा चपटा झाला होता.

मी मनात म्हटलं, सुटलो. पाट गेला, म्हणजे दादांना बसायला जागा हवी. तुम्ही बसा जुईच्या मागे, मी काठावर थांबतो, असं मी मोठ्या मनाने म्हणालो. दादा पंक्चरची ट्यूब शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "दाजी, यंदा गोणी नाय आणली."

बसलो. आधी आम्ही बराच वेळ गोल गोल फिरलो. माझं वल्हं तिच्या वल्ह्याला आपटत होतं, पाणी तिच्या पाठीवर उडत होतं, आणि काठावरून दादा डावीकडे काटा, उजवीकडे काटा म्हणून ओरडत होते. मग त्यांचा आवाज लांब गेला. जुईचा चेहरा मला दिसत नव्हता, तिला माझा दिसत नव्हता. तेवढ्या आडोशाने मी म्हणालो, "मला तुझ्याशी काय बोलावं ते कळत नाही गं."

ती वल्हवत राहिली. मग म्हणाली, "गोणी निदान वल्हं आडवं घालत नव्हती, बाबा."

मी हसलो. तीही हसली असावी, खांदे हलले. थोड्या वेळाने तशीच पुढे बघत ती म्हणाली, "मला पुण्याला जायची भीती वाटते. आईला सांगू नका." मग खूप वेळ ती बोलत होती आणि मी मागून ऐकत होतो. काठावर भाकऱ्या गार झाल्या.

पुढच्या चैत्रात जुईच्या कॉलेजच्या परीक्षा होत्या, ती आली नाही. तरी पिकअप आली. कयाकमध्ये या वेळी माझ्या पुढे दादा बसले. एवढा मोठा माणूस पुढे बसल्यावर नावेने नाक खुपसलंच, पण वजनाबद्दल ते काही बोलले नाहीत. मानेवरचे केस सगळे पांढरे झालेत, हे मला तेव्हाच दिसलं.

"पोरीचा फोन येतो का?"

"रविवारी येतो," मी म्हणालो. "बराच वेळ बोलते."

"तुमच्याशी?"

"माझ्याशी."

त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. मग इतकी वर्षं मनात होतं ते मी विचारलं. तिच्या मागे ते स्वतः का बसले नाहीत? पोर त्यांची लाडकी, नाव त्यांची, कोण नाही म्हणणार होतं?

"बसावंसं लय वाटायचं," दादा म्हणाले. "पण मी बसलो असतो, तर तुम्ही कधी आलाच नसता."

नाव आपोआप वाऱ्याबरोबर सरकत होती. वळवायचं काम माझं होतं, पण मी तिला थोडा वेळ तशीच जाऊ दिली.