अब्यूज म्हणजे शिवी

वर्गात इंग्रजी शिकवताना ‘अब्यूज’ हा शब्द आला की मला मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरच्या दवाखान्यातला फिनाइलचा वास येतो. मामेबहिणीचा हात मोडला म्हणून मी पांढुर्ण्याहून तिच्यासोबत गेले होते. जिन्यावरून पडले, असं ती सांगत होती; तिच्या घराला जिनाच नव्हता. नवरा बाहेर बाकावर बसला होता. नव्या डॉक्टरीणबाईंनी दार लावून विचारलं, “घर में अब्यूज होता है क्या?” बहीण लगेच म्हणाली, “नहीं मॅडम, गाली तो कभी नहीं देते.” आमच्याकडे या शब्दाचा तेवढाच अर्थ चालतो. मी तिला म्हटलं, “अगं, शिवीच नाही. गैरवापर. माणसाला वाट्टेल तसं वापरणं.” ती हसली. “बायको तं वापरासाठीच आणतेत ना, ताई. त्यात गैर काय हाये?” मग मीच डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी बहिणीकडं पाहिलं; तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि म्हणाली, प्लास्टर लवकर करा, बाहेर नवरा थांबून राहिला. तो हात पुढे वाकडाच जुळला. परवा मी तिची वेणी घालून दिली, कारण आता दुसरा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला आहे.