वरातीवर विमान

खेळणं म्हटलं की महारुद्राचं टाळकं सरकतं.

"खेळणं जत्रंत मिळतंय, चावी दिली की टाळ्या वाजवणारं माकड. हे इमान हाय इमान. ह्याच्या नाकावरचा पंखा मिनटाला हजारो गिरक्या घेतोय. बोट घालून बघा, मंग सांगा खेळणं हाय का काय ते."

असं म्हणताना तो डावा हात पुढं करतो. त्या हाताला तीनच बोटं. शेवटची दोन सेलूकडच्या एका जिनिंगात गेली. तिथं तो कापसाच्या हंगामात फिटर होता, बाकीचे महिने घरची तीन एकर बघायचा. मशीनच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी मालकानं काढून ठेवायला लावलेली, का तर जाळी असली की साफसफाईला दहा मिनटं जास्त जातात. "काय होतंय?" हा मालकाचा मंत्र. अकरा हंगाम काही झालं नाही. बाराव्याला झालं. तेव्हापासून "काय होतंय" ऐकलं की पन्नाशीतला हा काटकुळा माणूस कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखा पेट घेतो.

विमान आणलं त्याच्या लेकीनं, निकितानं. ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकली, तिथल्या पोरा-पोरींचा विमानं उडवायचा क्लब होता. शिक्षण संपलं तसं क्लबातलं एक जुनं, शिकाऊ माणसासाठीचं विमान घेऊन ती दिवाळीला आली. थर्माकोलच्या जातीचं अंग, वरच्या अंगाला दोन हात लांब पंख, बॅटरीवरची मोटार आणि दोन काड्यांचा रिमोट. चार दिवस शिकवून ती नोकरीला निघून गेली. पुढची शाळा फोनवर.

एकट्यानं उडवायच्या पहिल्या दिवशी महारुद्रानं वाऱ्याकडं पाठ केली. खळ्यात वावडीच्या तिवईवर उभं राहून ज्वारी उपणलेला माणूस तो. उपणताना वारं पाठीकडूनच पाहिजे, भुस्सा पुढं उडून जातो, हे त्याच्या हाडात बसलेलं. त्यानं विमान वाऱ्याच्या संगं फेकलं आणि सहा पावलांवर नाक मातीत.

"पप्पा, वारं तोंडावर घ्यायचं," निकिता फोनवर म्हणाली. "समोरून वारं लागलं तरच पंख उचलतात."

"अगं, डोळ्यात माती जातीय."

"मग चष्मा लावा!"

हे जमलं तर दुसरंच उभं राहिलं. विमान लांब जायचं तोवर काडी उजवीकडं ढकलली की विमान उजवीकडं. पण तेच तोंड फिरवून त्याच्याकडं यायला लागलं की सगळं उलटं. महारुद्रानं जन्मभर बैलाच्या मागून कासरा धरलेला. बैल काय कासरेवाल्याकडं तोंड करून चालतो? विमान यायलंय, डावीकडं कलायलंय, हा सवयीनं उजवा कासरा ओढतोय आणि विमान आणखीच पडतंय. तीन खेपा ते बाभळीत गेलं.

"जो पंख खाली पडायलाय, काडी त्याच बाजूला ढकला," लेकीनं सांगितलं. "खचल्या भिंतीला टेकू देतात तसं."

टेकूची गोष्ट डोक्यात बसली. भिंत कुठल्या बाजूला पडतेय ते बघायचं, उजवं-डावं विसरून जायचं.

पंख चिकटवायला बसला की बायको बबिता म्हणायची, "थर्माकोलाला पट्ट्या बांधायलाव. माझ्या पायाला बाभळीचा काटा लागला तवा कुठं होत्या ह्या पट्ट्या?"

दीड वर्षात हात बसला. गावाला दिसायचं ते विमान. दिसायची नाही ती त्याची शिस्त. दिवस उगवायच्या टायमाला, वारं निजलेलं असताना गावाबाहेरच्या बरडावर जायचं. आधी रिमोट सुरू, मग बॅटरी. बॅटरी जोडली की पंख्यापुढं उभं राहायचं नाही, कुणाला राहू द्यायचं नाही. शेपटी हलवून बघायची. साठ पावलं मागं जाऊन रिमोट पोचतोय का बघायचं. माणसाच्या, जनावराच्या, तारंच्या वरून उडवायचं नाही. शेळ्या चारणारी भागुबाई तिथंच असायची. महारुद्र ओरडायचा, "भागुबाई, शेळ्या बाभळीकडं घ्या, उतरायलंय!"

"आलं का रं तुझं गिधाड?" ती म्हणायची, पण शेळ्या हाकायची.

ते बरड दत्तरावाचं. गावात तारांचं जाळं, गायरानातून विजेची मोठी लाईन. मोकळं आभाळ तेवढंच. खडकाळ, कधी न पिकणारं रान म्हणून दत्तरावानं कधी हटकलं नव्हतं. दत्तराव म्हणजे गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला. बोलायला गोड, नकार ऐकायची सवय नाही.

वैशाखात त्याच्या पोराचं लग्न निघालं. त्यानं महारुद्राला ओसरीवर बोलावून चहा पाजला.

"महारुद्रा, वरातीवर तुझ्या इमानातून फुलं पडली पायजेत. पोटाला एक डब्बा बांध. पार परभणीच्या पाव्हण्यांनी तोंडात बोट घातलं पायजे."

"माणसांवरून उडवत न्हाई मी, दत्तराव."

"कामून?"

"मोटार बंद पडली तर ते कुणाच्या टकुऱ्यावर येईल, मला सांगता येत न्हाई. डब्बा बांधला तर तोल जातोय. वरातीत लेकरं असतेत, बाया असतेत. वाजंत्र्यात माझं वरडणं कुणाला ऐकू जाईल?"

"दीड वर्ष उडवायलास, कुणाच्या टकुऱ्यावर पडलं?"

"टकुऱ्यावरून उडवलंच न्हाई म्हणून न्हाई पडलं."

ओसरीवरचे चारजण हसले. दत्तराव हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "थर्माकोलाचं खेळणं ते. काय होतंय?"

झालं. महारुद्र उठला. चहा अर्धा राहिला.

"पाव्हणे खूश करायला तुमाला दुसऱ्याच्या लेकराचा डोळा पणाला लावायचाय का? माझं इमान येणार न्हाई."

"बरं," दत्तराव शांतपणे म्हणाला. "बरड माझं हाय, एवढं ध्यानात असू दे."

घरी येऊन त्यानं बबिताला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता एकच विचारलं, "लांबून एक चक्कर मारली असती, तर?"

"लांबून त्याला चालणार न्हाई. त्याला डोक्यावरूनच पायजे."

"मंग रान गेलं म्हणायचं," ती म्हणाली आणि भाकर उलटली.

लग्नात परभणीहून ड्रोनवाला आला. चार पंख्यांचं ते यंत्र घोड्याच्या कानाजवळून, बायांच्या पदरावरून, नाचणाऱ्या पोरांच्या हाताला लागेल इतक्या खालून फिरलं. पाकळ्या पडल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. महारुद्र मारुतीच्या पारावर उभा होता, दर फेरीला त्याची तीन बोटं आपोआप मिटत होती. आणि कुणालाही, काहीही झालं नाही. एक ओरखडा नाही.

पंगतीत दत्तराव स्वतः वाढत आला. महारुद्राच्या पत्रावळीवर बुंदी टाकली आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बघितलंस का फिटर? काय झालं?"

पंगत हसली. महारुद्राची कानशिलं तापली. सगळ्यात मोठी चीड ह्याची, की माणूस बरोबर असून खोटा पडतो, आणि तो खरा होता हे सिद्ध करायला कुणाचं तरी रगत लागतं. ते सांडावं असं तर तो म्हणू शकत नव्हता.

त्यानं हात वर केला. "दत्तराव, ही बोटं जायच्या आदी अकरा हंगाम कायबी झालं न्हवतं."

हसू तिथंच थांबलं. पुढच्या पत्रावळीवर वाढताना दत्तरावाच्या डावातली बुंदी पत्रावळीबाहेर सांडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी महारुद्र सवयीनं विमान घेऊन बरडावर गेला, तर तिथं ट्रॅक्टर. दत्तरावाचा ड्रायव्हर गोपाळ, चाळिशीचा गडी, माती फोडणारा रोटा मारत होता. खडकावर रोटा! पाती ठणाठणा वाजत होती. पिढ्यान् पिढ्या पडीक रानाची मशागत, केवळ एका माणसानं तिथं उभं राहू नये म्हणून.

"मालकानं सांगितलंय काका," गोपाळ ओशाळून म्हणाला. "माझा काय इलाज न्हाई."

महारुद्र विमान काखेत धरून बांधावर उभा राहिला. शिव्या ओठावर आल्या होत्या. तेवढ्यात त्याची नजर ट्रॅक्टरच्या मागं गेली. रोट्याला फिरवणारा शाफ्ट उघडाच गरगरत होता, आणि मागं वळून बघणाऱ्या गोपाळच्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक त्याच्या वर लोंबत होतं.

"गोप्या! बंद कर ते! शाफ्टावरचं कव्हर कुठंय?"

"ते कवाच काढून ठेवलंय. सात वर्षं झाली काका, काय होतं—"

पुढचा शब्द गोपाळच्या तोंडातच राहिला. समोर तीन बोटांचा पंजा उभा होता.

गोपाळनं ट्रॅक्टर बंद केला नाही. मालकाचं काम होतं. पण गळ्यातलं उपरणं काढलं, घडी न करता सीटखाली कोंबलं आणि गिअर टाकला.