जिन्यावरचा मुढा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. "बेबी, हे गेले गं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी गॅस बंद केला. अशा वेळी म्हणे माणसाला काही सुचत नाही, पायातलं बळ जातं. माझं तसं काही झालं नाही. मला राग आला. आमचं भांडण अर्धं राहिलं होतं आणि हा माणूस मधेच उठून गेला होता. लहानपणी पत्ते खेळतानाही हरायला लागला की दादा असाच उठायचा, म्हणायचा, "पाणी पिऊन येतो." मग येतच नसे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला ठाऊक आहे. पण त्या तेरा दिवसांत इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्याच्या घरी जे लोक येत होते, त्यांचं ऐकून ऐकून माझे कान किटले. जो तो म्हणे, सरांनी आमच्या मुलाची लाइफ बना दी. एक गृहस्थ तर माझ्यासमोर बसून डोळे पुसत म्हणाले, "ताईजी, सर नसते तर आमचा पिंटू आज कुठे असता?" पिंटू आज घरी बसलेला आहे हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. कंपनीने मार्चमध्ये त्याचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. पण सुतकाच्या घरात हे बोलायचं कसं? मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. तेव्हा गिळलं ते आता लिहिते आहे.

माझा भाऊ गणिताचा मास्तर. जन्मभर एकाच शाळेत शिकवलं. दहावी-बारावीचे निकाल लागले की त्याच्या घरी रांग लागायची. इंदूरच्या मराठी घरांत तेव्हा एक रीतच पडून गेली होती... पेढे घ्यायचे, मूल घ्यायचं आणि सरांकडे जायचं. आई-वडील आत जाऊन दादासमोर बसत. मूल मात्र बाहेर. जिन्याच्या चौकात एक वेताचा, बिनपाठीचा मुढा ठेवलेला असे, त्यावर मुलाने बसायचं. आत मोठी माणसं त्याच्या जन्माचं ठरवत, आणि ते बाहेर बसून जिन्यावरून जाणारी-येणारी माणसं बघे. ठरलं की दादा हाक मारी, "ये रे आत." मूल आत येई, निकाल ऐके, पाया पडे, आणि वहिनी त्याच्या हातावर कचोरी ठेवी. निकाल बहुतेक एकच असे. कॉम्प्युटर. मुलगी असो, मुलगा असो, गणितात हुशार असो की चित्रं काढणारा असो, कॉम्प्युटर. एका मुलाला बासरीचं वेड होतं, त्यालाही कॉम्प्युटर. मी एकदा म्हटलं, "दादा, तू सल्ला देतोस की शिक्का मारतोस?" तर म्हणाला, "बेबी, नदीला पूर आला की पोहायला शिकवत बसायचं नसतं. पोराला उचलायचं आणि नावेत टाकायचं." नावेला भोक पडलं तर काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही.

पण ही खोड त्याच्या एकट्याची नव्हती. आमचं खानदान संस्थानच्या फौजेतलं. पणजोबा शिपाई, आजोबा राजवाड्यावर कारकून, वडील सरकारी कचेरीत. राज्य गेलं, सरकार आलं, सरकारच्या नोकऱ्या आटल्या तेव्हा बँका आल्या, बँका भरल्या तेव्हा कंपन्या आल्या. आम्ही आपले मालक बदलत राहिलो. आमच्याकडे मुलगा काय करतो असं कोणी विचारत नाही. "कुठे आहे?" असं विचारतात. कोणाच्या दाराशी उभा आहे ते कळलं की झालं, दारात उभा राहून करतो काय, याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही. दादा या सगळ्याचा अर्क होता. नोकरी किती पक्की, एवढाच त्याचा प्रश्न. आणि मजा बघा, ज्या कामावर त्याचं पोट भरलं त्या कामाला त्याने एकाही मुलाला पाठवलं नाही. कोणी मास्तरकीचं नाव काढलं की हसून इंदुरी थाटात म्हणे, "भिया, माझ्या झिजलेल्या चपला बघ बाहेर, मग ठरव."

शिकवायचा मात्र भारी. हे मला लिहावं लागतंय आणि लिहिताना जिवावर येतंय, पण खोटं कशाला बोलू? माझी ऋतुजा चौथीत होती, अपूर्णांकांनी तिला रडकुंडीला आणलं होतं. दादाने तिला ताटावर बसवलं आणि पोळी फाडायला लावली. अर्धी मामाची, अर्ध्यातली अर्धी आईची... पोर "समजलं, समजलं" म्हणाली. दादा म्हणाला, "असं? मग मला समजव." झालं, तिची बोबडी वळली. समजलेलं नव्हतंच, सुटका हवी होती. मग पुन्हा पोळी. दोन पोळ्या फुकट गेल्या, भाजी गार झाली, वहिनी चिडली, पण त्या दिवशी ऋतूने मामाला अपूर्णांक समजावून दिला. वर्गातही त्याचं हेच चाले. मुलाने "समजलं सर" म्हटलं की खडू त्याच्या हातात द्यायचा, स्वतः त्याच्या बाकावर जाऊन बसायचं आणि म्हणायचं, "मला समजव." एवढं कळत होतं या माणसाला. मग निकालांच्या दिवसांत, स्वतःच्या बैठकीत, ही अक्कल कुठे जात होती? तिथे त्याने एकाही मुलाला कधी म्हटलं नाही, मला समजव.

ऋतुजा बारावी झाली तेव्हा आम्हीही पेढे घेऊन गेलो. ती बाहेर मुढ्यावर, मी आणि हे आत. मी म्हटलं, "दादा, तिला एकदा विचारू तरी." तो म्हणाला, "विचारून काय करणार? सतरा वर्षांची पोर आज एक सांगेल, उद्या दुसरं." यांनी मान डोलावली. भावाची मान आणि नवऱ्याची मान एका बाजूला डोलली की बाईने तिसरी मान कुठून आणायची? ऋतू आत आली, पाया पडली, कचोरी खाल्ली. कॉम्प्युटर झालं, पुण्याला कंपनीत लागली. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायचे, कुठे तुटतात ते शोधायचं, असं काम. चार लोकांत सांगायला झकास. दादा तर कोणालाही सांगे, "माझी भाची पुण्यात आहे." करते काय, ते पुन्हा नाहीच.

मग मागच्या वर्षी तिच्या साहेबांनी तिला सांगितलं की तू तपासणी कशी करतेस ते सगळं पायरीपायरीने लिहून काढ, नव्या मशीनला शिकवायचंय. पोरीने मन लावून लिहिलं. मामाचीच भाची, अर्धवट काही करणार नाही. मशीन शिकली. आणि मग एका सकाळी स्क्रीनवर मीटिंग लागली, एक बाई गोड आवाजात दहा मिनिटं बोलली आणि ऋतूचा लॅपटॉप बंद झाला, नोकरीसकट. तिने मला फोन केला. "आई, माझी विद्यार्थिनी माझ्यापेक्षा हुशार निघाली," म्हणाली आणि हसली. ते हसू मला आजही सहन होत नाही.

ती घरी परत आली आणि बसून राहिली. भांडली असती, रडली असती तरी चाललं असतं. ती नुसती बसली. हा कोर्स कर, तो कर, असं कोणी म्हटलं की म्हणे, "मामाला विचारून बघते." सव्वीस वर्षांची बाई. पण आमच्या घरात मुढ्यावरून उठायची कोणाला सवयच लावलेली नाही, आतून हाक येईपर्यंत बसायचं. आणि मामाने हाक मारली, पुन्हा तशीच. म्हणाला, "आता एआय शीक. मशीन काम खाते ना, मग मशीन चालवणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राहा." तोच चेहरा, तोच आवाज. जणू मधली नऊ वर्षं झालीच नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी गेले. चपला बाहेर काढल्या आणि उभ्याउभ्याच बोलायला लागले. म्हटलं, "किती पोरांना तू एकाच दारात नेऊन उभं केलंस, आता ते दार बंद झालं तर तू दुसरं दार दाखवतोस. तेही बंद होणार नाही हे तुला कोणी सांगितलं? तुला माहीत नाही, दादा. कोणालाच माहीत नाही. एवढंच एकदा तोंडाने म्हण. त्या पोरीसमोर म्हण, मला माहीत नाही. म्हणजे ती तुझी वाट बघणं सोडेल." तो ऐकत होता. मग म्हणाला, "चहा घेणार?"

"चहा नको. उत्तर दे."

"बेबी, मास्तराला 'माहीत नाही' म्हणायची सोय नसते गं. वर्ग हसतो."

"वर्ग केव्हाच सुटला," मी म्हटलं. "तू एकटाच फळ्यासमोर उभा आहेस." आणि निघाले. जिना उतरताना त्या मुढ्याला लाथ मारावीशी वाटली, मारली नाही, गुडघे दुखतात. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानेही फोन केला नाही. आणि मग तो पोह्यांच्या वेळचा फोन आला.

तेराव्याला जेवणं उरकली, पाहुणे पांगले, दुपारचं घर एकदम रिकामं झालं. मी बैठकीत दादाच्या खुर्चीसमोर सतरंजी आवरत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं, मुढा आत आहे. खुर्चीला अगदी लागून, भिंतीच्या बाजूला. इतकी वर्षं त्या मुढ्याने उंबरठा ओलांडलेला मी पाहिला नव्हता. झाडू मारतानाही वहिनी तो चौकातच इकडून तिकडे सरकवायची. मी विचारलं, "हा कोणी आणला आत?"

"त्यांनीच," वहिनी म्हणाली. "तू भांडून गेलीस ना, त्याच आठवड्यात. ऋतूला बोलावून घेतलं होतं. तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मुढ्यावर बसले. मला म्हणाले, तू आत जा."

ऋतुजा स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी तिला बाहेर बोलावलं. तिने आधी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मामा म्हणाला होता आईला सांगू नकोस. म्हणाला, बेबीला कळलं तर ती जिंकेल."

"काय कळलं तर?"

"तो म्हणाला, ऋतू, मला माहीत नाही पुढे काय होणार. कोणतं काम राहील, कोणतं जाईल, सच में मला काही कळत नाही. मग म्हणाला, तुला काय करायचंय? मी म्हटलं, काहीही, जे टिकेल ते. तर म्हणाला, टिकेल ते मला विचारू नकोस, ते मी सगळ्यांना सांगितलं आणि बघ काय झालं. तुझ्या हातून कोणतं काम बिघडलं तर तुला अन्न गोड लागणार नाही, ते सांग."

"मग?"

"मग मी सांगितलं." तिने ओले हात पुसले. फडकं हातातच होतं. "मला शिकवायचंय, आई. लहान मुलांना. गणित. सिमरोल गावी एका शाळेत जागा आहे, बी.एड. करता करता शिकवू देतील. मामा आधी चिडला. म्हणाला, माझ्या चपला बघितल्यास का? शिकवायलाही मशीन आलीय, फोनवर पोरं गणितं करतात, हे तुला ठाऊक आहे ना? मी म्हटलं, ठाऊक आहे. तो म्हणाला, तरीही? मी म्हटलं, मामा, कॉलेजातून सुट्टीला यायची तेव्हा खालच्या मजल्यावरच्या पोरांचा अभ्यास घ्यायची मी. त्यातला एखादा समजल्यासारखं करून निघून गेला की मला जेवण जायचं नाही. पुण्यात इतके प्रोग्राम तुटले, एकामुळेही असं झालं नाही."

मी सतरंजी तशीच टाकली. मला काय वाटलं ते सरळ सांगते. पोरीला वाट सापडली याचा आनंद नंतर झाला. आधी संताप आला. म्हणजे त्याला म्हणता येत होतं. ते तीन शब्द त्याच्या तोंडात होते, आणि त्याने ते मला दिले नाहीत. मी बहीण, साठ वर्षं त्याच्याशी भांडले, आणि माझ्या वाट्याला काय आलं? "चहा घेणार?" मी जिंकेन म्हणून. अरे, जिंकू दिलं असतंस एकदा. तुझं काय जात होतं... आता जिंकून मी कोणाला दाखवू? पिंटूच्या त्या डोळे पुसणाऱ्या बापाला? आणि ज्या पोरांना तू हे शब्द कधी ऐकवलेच नाहीस, त्यांचं काय? एका भाचीला मुढ्यावरून उठवलंस म्हणून बाकीच्यांचा हिशेब फिटत नाही. मी तो फिटूही देणार नाही. लोकांनी म्हणावं, सरांनी लाइफ बना दी. मी म्हणणार नाही.

ऋतुजा अजून उभीच होती. बघत होती माझ्याकडे, आतून हाक यायची वाट बघावी तशी. आणि मला सगळं बोलायचं होतं. सिमरोल लांब आहे. पगार काय देतील? मास्तरकी आता कोण करतं? पुण्याहून येऊन हे? आमच्या खानदानात दाराशी उभं राहायची जी घाण सवय आहे, ती सगळी माझ्या जिभेवर येऊन बसली होती. मी तोंड उघडलं. मग बंद केलं. गुडघे धरून त्या मुढ्यावर बसले. वेत मधोमध दबलेला होता, इतक्या पोरांच्या वजनाने, आणि शेवटी त्याच्याही.

"बस त्या खुर्चीवर," मी तिला म्हटलं. ती बसली.

"आता मला समजव."

वाक्य त्याचं होतं. त्याचंच यावं तोंडात, याचा मला अजून राग आहे.