शेपटी एकाची, चाकं दुसऱ्याची

एलिगिओ हवाई दलाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला, पण त्याच्या डोक्यातली विमानं काही उतरली नाहीत. असुन्सिओन शहरभरातून लोक त्याच्याकडे जुने फोटो आणायचे आणि तो पंखाची कड बघून विमान ओळखायचा. मी त्याचा वर्कशॉपातलाच जुना सोबती; रविवारी आंब्याखाली गार तेरेरे पीत आम्हा दोघांचा हाच उद्योग.

एकदा त्याच्याच कपाटात एक फोटो निघाला आणि आमची मती गुंग झाली.

"शेपटी गोल आहे, म्हणजे शिकाऊ विमान," मी म्हणालो.

"आणि चाकं? ती टेहळणीच्या विमानाची! डोळे आहेत की बटणं?"

त्याचंही बरोबर होतं. आमच्या वर्कशॉपात मोडक्या विमानांचे भाग एकमेकांना लावायची रीतच होती. खरं काय ते फक्त विमानावर रंगवलेला नंबर सांगणार, आणि नेमकी नंबरासमोर एक मुलगी हसत उभी.

"ही बया कशाला मध्ये कडमडली!" एलिगिओ भिंगातून बघत खेकसला. "आणि फोटो काढणारा गाढव! तिला बाजूला हो म्हणता येत नव्हतं?"

त्याची बायको बेनिग्ना पाण्याचा जग घेऊन आली होती. तिनं फोटो उचलला.

"ही बया म्हणजे मी. आणि तो गाढव म्हणजे तुम्ही. लग्नाआधी तुम्हीच काढलात हा."

मी खूश झालो. "चला, सुटलं! विमान तुझ्यासमोरच होतं. सांग, कोणतं होतं?"

तो गोंधळून कधी फोटोकडे, कधी बेनिग्नाकडे बघत राहिला.

"काय माहीत बाबा," तो म्हणाला. "तेव्हा विमानाकडे बघत कोण होतं?"