साडूंचा उजवा कान

माणसानं चिडावं तर आमच्या साडूंसारखं. इतक्या निष्ठेनं आणि इतक्या रास्त कारणासाठी चिडणारा दुसरा माणूस आख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. पूर्णेला राहतात, रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. मालगाडी आडबाजूला तासन्‌तास उभी राहते आणि शेवटच्या डब्यात गार्ड एकटा असतो. बाकीचे गार्ड त्या वेळात झोप काढत. साडू ट्रान्झिस्टर कानाला लावून ख्याल ऐकत. डावा कान नोकरीत गेला. उरलेला उजवा घेऊन ते निवृत्त झाले आणि परभणीत कुठे गाणं आहे असं कळलं की सतरंजी बगलेत मारून गाडीत बसू लागले. उतरायचं माझ्याकडे. चहाचा पहिला घोट घेण्याआधीच विचारायचे, "बंदोबस्त किती हाय?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्याकडे गाणं गावाबाहेरच्या मैदानावर होतं. मैदान म्हणजे काळ्या मातीच्या भेगा. खुर्चीचा एक पाय भेगेत गेला की श्रोता समेच्या आधीच मान टाकतो. जनरेटर श्रोत्यांच्या कुशीत ठेवतात, बहुधा साथीला. बायकांसाठी आडोसा नाही, म्हणून बायका दुपारपासून पाणी पीत नाहीत, आणि संयोजकांपैकी एकालाही याची लाज वाटलेली मी पाहिलेली नाही. पोलीस मात्र मुबलक. घरफोडी झाली तर सकाळपर्यंत कोणी फिरकत नाही. इथे पुढच्या रिकाम्या सोफ्यांभोवती कडं करून उभे. सोफे पळून जाऊ नयेत म्हणून असेल.

साडू कोणत्याही पोलिसाला "अहो बंदोबस्त" अशीच हाक मारत. एकदा फाटकावर त्यांची पाण्याची बाटली अडवली. कारण काय, तर लोक स्टेजवर फेकतात.

"अहो बंदोबस्त, ठुमरीला बाटली कोण फेकतंय?"

"काका, वरून हुकूम हाय."

साडूंनी तिथेच उभं राहून, हुकमाकडे रागानं बघत, सगळी बाटली पोटात रिकामी केली. आत शिरल्यावर कळलं की मुतारी नाही, आणि एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत घेत नाहीत. साडू शेवटपर्यंत मांडीवर मांडी आवळून बसले. घरी येताना म्हणाले, "विलंबित म्हंजे काय, ते आज कळलं."

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मात्र आल्यावर त्यांनी बंदोबस्त विचारलाच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजवा कानही चाललाय, फार दिवस धरणार नाही. आणि ट्रान्झिस्टरवर ज्यांना जन्मभर ऐकलं त्या बाई त्याच आठवड्यात परभणीत गाणार होत्या. "डब्यात ऐकलं, साडूबुवा," ते म्हणाले, "एकदा समोर बसून ऐकायचंय. मग कानाचं काय व्हायचं ते होऊ द्या."

आम्ही ऊन असतानाच मैदानावर पोचलो. साडूंची जागा ठरलेली: डाव्या हाताला, म्हणजे उजवा कान स्टेजकडे राहतो. तिथं सोफे मांडले होते, आणि शिपायानं साडूंना हाकललं. बसायच्या जागेची रांग समजून साडू एका रांगेत उभे राहिले. ती फेटे बांधायची रांग निघाली. त्यांनी तोंड उघडण्याआधी डोक्यावर भगवा फेटा चढला आणि मघाशी त्यांना हाकलणाऱ्या शिपायानं त्यांना कडक सलाम ठोकला. साडू सोफ्यावर! मला फेटा नसल्यामुळे मी मागे बांबूला टेकून उभा.

मग सत्कार सुरू झाले. आमच्याकडे गायकाला बोलावतात ते सत्कारांना प्रेक्षक मिळावेत म्हणून. शाल, नारळ, फोटो. ज्यानं शाल आणली त्याला शाल. फेट्याच्या पुण्याईनं साडूंनाही शाल मिळाली आणि सूत्रसंचालकानं दोन शब्दांची विनंती केली. साडू माईकसमोर गेले. "मी गार्ड होतो. दोनच शब्द येतात," असं म्हणून त्यांनी शालीचं हिरवं टोक झेंडीसारखं हलवलं. "गाडी सोडा!" टाळ्या पडल्या. गाडी त्यानंतरही बरीच भाषणं झाल्यावर सुटली.

बाईंनी षड्ज लावला आणि साडूंनी कान टवकारला. पण फेटा कानावर घट्ट बसलेला. त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला. लगेच शिपाई आला.

"ओ काका, इथं कुठं बसायलाव? पाव्हण्यांची जागा हाय."

"आत्ता सलाम केलाव ना मला?"

"ते फेटेवाले होते. चला, उठा."

फेटा परत बांधता येईना. मी मागून पुढे आलो, पण माझं कोण ऐकतो! साडूंना आणून टाकलं ते उजव्या हाताला, जनरेटरपाशी. तिथं चांगला कान नेमका उलट्या बाजूला. साडूंनी एक क्षण विचार केला, सतरंजी अंथरली आणि स्टेजकडे पाठ करून बसले. आता समोर पोलीस. तो शिपाई अस्वस्थ झाला.

"काका, माझ्याकडं काय बघायलाव? तिकडं बघा की."

"बघायला आलो न्हाई. ऐकायला आलोय."

दहाच्या ठोक्याला एक साहेब स्टेजवर चढले आणि माईक बंद झाला. सत्कारांच्या वेळी त्यांचं घड्याळ कुठे होतं, देव जाणे. नियम नियम असतो. तो गाण्याला लागतो. बाईंनी कपाळाला आठी न घालता माईक बाजूला सारला आणि तशीच भैरवी सुरू केली. पुढचे सोफे केव्हाच रिकामे झाले होते. पाहुणे शाली घेऊन गेले होते. साडू उठले, शिपायाला हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते "बंदोबस्त" म्हणाले नाहीत. "दादा, रिकामे हायत हो. बसू द्या तेवढं."

"सोफे पाव्हण्यांचे हायत."

बाई रिकाम्या सोफ्यांसमोर गायल्या. जनरेटर चालूच होता. साडूंनी कानामागे हात धरला होता आणि माझ्या तोंडाकडे पाहत होते. "चालू हाय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनीही हलवली, तालात, माझ्या मानेकडे बघून.

आता तो कानही गेला. तरी साडू येतात. परवाही आले होते. सतरंजी अंथरली, सवयीनं स्टेजकडे पाठ केली आणि पोलिसांकडे रोखून पाहत बसले. गाणं सुरू होऊन बराच वेळ झाला होता. गाणारा पोरगा फार सुरेल होता. मधेच त्यांनी माझा गुडघा हलवला.

"सुरू झालं का?"

मी त्यांच्यासमोर वाकलो, ओठ नीट दिसतील असा. "न्हाई अजून. सत्कार चाललेत."

"हरामखोर," साडू समाधानानं म्हणाले, आणि मांडी घालून नीट बसले. "मग आपलं काई चुकलं न्हाई."