पास्कूच्या वाटचा उपास

रत्नागिरीच्या बंदरातून जयगडला निघालेला आमचा शिडाचा पडाव वारा पडल्यामुळे वाटेतल्याच एका खाडीत शिरला. तांडेल म्हणाला, "आता उद्या सकाळी." मी कपाळाला हात लावला आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वाडीत उतरलो.

वाडी विलक्षण होती. घरोघरी नवी मंगळुरी कौलं आणि शेतांत कमरेएवढं गवत. बाप्या माणूस एकही दिसेना. सगळे आफ्रिकेला, नाहीतर बोटींवर. चुलीवर शिजत होता तो तांदूळही रंगूनचा! बायका दारातून माझं तोंड निरखत आणि निमूट आत जात. मला भीती वाटू लागली.

मारीबाय नावाच्या बाईने ओटीवर जागा दिली, पेज वाढली. स्वतः जेवली नाही. त्यांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला होता.

"माज्या उपासानं रातचं जेवान जातं," ती म्हणाली, "नि घोवाच्या (नवऱ्याच्या) उपासानं दुपारचं. बोटीवर त्याला कुटला उपास जमायला?"

"कुठे असतात ते?"

"पास्कू? तीन वर्सं कागूद न्हाय. आज सांजच्याला क्रुसापुढं भायेर गेलेल्यांची नावं पुकारतील. मी 'हाय' म्हटलं, की त्याचं शेत दुसऱ्याला देता येत न्हाय, नि उपासबी सुटत न्हाय. गप ऱ्हायलं, की तो गेला असं धरत्यात. आज गप ऱ्हानार मी. शेत कुळाला लावीन. पोरं तरी जेवतील."

संध्याकाळी क्रुसापुढे प्रार्थना झाली. उजवीकडे परदेशी गेलेल्यांसाठी रिकाम्या चटया मांडल्या होत्या. माझे पाय दुखत होते. मी एका चटईच्या कडेला टेकलो. एक म्हातारी नावं घेई आणि डावीकडून बायकोचा आवाज येई, "हाय." प्रत्येक वेळी सगळ्या बायका त्याच्या रिकाम्या चटईकडे बघत.

"पास्कू?"

मारीबाय गप्प.

"पास्कू?"

बायका मारीबायकडे बघू लागल्या.

"पास्कू?"

गोष्ट ऐकताना हुंकार द्यायची मला लहानपणापासून खोड. तोंडातून निघून गेलं, "हं."

सगळ्या माना वळल्या. "अहो, मी नव्हे! चुकून—"

"चटयेवरनं आवाज आला," म्हातारी शांतपणे म्हणाली. "कुनाचा, त्ये आमी इचारत न्हाय." तिने पुढचं नाव घेतलं.

सकाळी मारीबायने तिची दिवसाची एकमेव पेज माझ्यापुढे ठेवली. मी नको म्हणालो, हात जोडले. ती ऐकेना. "त्याच्या नावानं बोललाव, त्याच्या वाटचं खावा." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी खाल्ली.

जयगडहून परत रत्नागिरीला आलो तेव्हा धक्क्यावर मुंबईच्या बोटीसाठी माणसं ट्रंका घेऊन उभी होती. त्यांच्याही घरांवर कौलं चढतील. घरी पोचल्यावर मी पुढचे चाळीस दिवस दोन्ही वेळ पोटभर जेवलो, हे लिहायला लाज वाटते.